मन खंबीर कर म्हणे!

गेल्या मार्गशीर्षात नात्यातल्या एका साखरपुड्याला गेले होते. डोंबिवलीतला नेहमीचा हॉल. पहिली पंगत उठली होती, दुसरी बसायची होती. आहेराच्या पिशव्या ठेवायच्या खोलीत माझी मावसबहीण एकटीच बसलेली दिसली. हातात मठ्ठ्याचा ग्लास. तो हलत होता, मठ्ठा साडीच्या काठावर सांडत होता आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. मांडीवर मोबाइल आणि त्यावर नर्सिंग ब्यूरोचा निरोप: ‘मावशी आज नाइटला येणार नाही. बदली मिळत नाही.’

एवढंच झालं होतं. पण त्या ‘एवढ्या’च्या खाली दीड वर्ष साठलेलं होतं. सासऱ्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. नाकात नळी. ठरल्या वेळी नळीतून पातळ खाणं द्यायचं, दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. डायपर, एअर बेड, औषधांचं वेळापत्रक. ही शाळेत क्लार्क. मुलगा बारावीला. नवरा सकाळी सात बेचाळीसची लोकल पकडतो आणि रात्री नवाला घरी उगवतो. रात्रीची मावशी हा तिच्या झोपेचा एकमेव आधार, आणि तो आठवड्यातून एकदा तरी निखळतो.

खोलीत हळूहळू माणसं जमली आणि उपदेशाची पंगत बसली. काका म्हणाले, “आमच्या वेळी नव्हतं हे टेन्शन-बिन्शन. माझ्या आईने सासू-सासऱ्यांचं सगळं केलं, वर सहा मुलं वाढवली. तक्रारीचा एक शब्द नाही.” आत्या म्हणाली, “मन खंबीर करायचं गं. विचारच करायचा नाही.” वन्सं म्हणाल्या, “कामात गुंतवून घे स्वतःला, म्हणजे डोक्यात काही येत नाही.” आयटीतल्या भाचेजावयांनी मोबाइल काढून एक मेडिटेशनचं ॲप दाखवलं आणि म्हणाले, “मावशी, बी पॉझिटिव्ह. दहा मिनिटं फक्त स्वतःसाठी.” शेवटी काकू दार लोटत म्हणाल्या, “आणि रडू नकोस बाई इथे. घरातलं घरात.”

पाच माणसं, पाच सल्ले. या सगळ्यात ‘आज रात्री त्यांच्याजवळ कोण आहे?’ एवढा एक प्रश्न मात्र कुणाच्याच तोंडातून आला नाही.

ही माणसं वाईट नाहीत, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच चीड येते. वाईट माणसाचं बोलणं आपण कानाआड करतो. मायेने सांगितलेला चुकीचा सल्ला आयुष्यभर पाठीवर वागवतो. शिवाय हे पाच जण काही त्या हॉलपुरते नव्हते. तुमच्या-माझ्या घराघरात, सोसायटीच्या बाकावर, स्टाफरूममध्ये, फॅमिली ग्रुपवर हेच पाच जण बसलेले आहेत. त्यांचं एकमत असं : माणसावर ओझं किती आहे याला महत्त्व नाही, मान किती मजबूत आहे याला आहे. मान मोडली तर दोष मानेचा. हे मत इतकं सर्वमान्य आहे की त्याला मत म्हणावं असंही कुणाला वाटत नाही. शहाणपण म्हणून ते खपतं. तेव्हा एकेक शहाणपण जरा उजेडात धरून बघू.

आधी काकांचं : ‘आमच्या वेळी नव्हतं.’

नव्हतं? मग आपल्या भाषेत हे इतके शब्द कुठून आले? जीव मेटाकुटीला येणे, कासावीस होणे, घुसमट, कोंडमारा, जिवाला घोर लागणे, जीव नकोसा होणे, हात-पाय गळणे, डोक्यावर परिणाम होणे. जी गोष्ट अस्तित्वातच नव्हती तिला आपल्या पूर्वजांनी इतकी नावं फावल्या वेळात ठेवली का? ‘याला ठाण्याला पाठवा’ हा विनोद तुमच्याच पिढीने वापरून गुळगुळीत केला ना? रत्नागिरीचं मनोरुग्णालय १८८६ सालचं, ठाण्याचं १९०१ सालचं. तुमचा जन्म व्हायच्या आधीपासून ती भरलेली आहेत. आणि गावोगावच्या ‘अमकीने विहीर जवळ केली’ या कुजबुजीचं काय? ती बाई म्हणे पाय घसरून पडली. आमच्या वेळी नव्हतं असं नाही काका, आमच्या वेळी मोजत नव्हते.

राहिली तुमची आई. तिने सगळं केलं हे खरं. पण कशाच्या जोरावर केलं, ते तुम्ही सोयीस्करपणे गाळता. घरात तीन जावा होत्या. एकीचा हात भाजला तर दुसरी भाकऱ्या थापत होती. वर्षातून एकदा तिला माहेरपण होतं. त्या पंधरा दिवसांत सासरचा कुणी निरोपही धाडत नसे. मंगळागौर होती, म्हणजे रात्रभर खेळणं, झिम्मा, फुगड्या आणि सासूला गाण्यातून टोमणे मारायची राजरोस परवानगी. जातं होतं. पहाटेच्या अंधारात ती जात्याला जे सांगत होती ते तुम्ही झोपेत ऐकलं आणि त्याला गोड गाणं समजलात. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत देवाधर्माच्या आहेत, भावाच्या कौतुकाच्या आहेत, आणि सासुरवासाच्या, कष्टाच्या, बाईच्या जन्माला आल्याच्या खंतीच्याही आहेत. ‘तक्रारीचा एक शब्द नाही’ म्हणता? ओळीच्या ओळी होत्या. तक्रार तुमच्यापाशी केली नाही, इतकंच.

डोक्यावर हंडा घेणारी बाई आधी लुगड्याच्या धडप्याची चुंबळ करते, ती डोक्यावर ठेवते आणि मग वर हंडा घेते. चुंबळीने हंडा हलका होत नाही, पण भार एका जागी रुतत नाही, मान सरळ राहते. आणि भरलेला हंडा डोक्यावर चढवताना ती शेजारणीला हाक मारते, ‘जरा हात लाव गं.’ त्या हाकेत तिला कमीपणा वाटत नाही. शेजारीणही ‘मन खंबीर कर’ म्हणत नाही, हात लावते. माहेरपण, मंगळागौर, जात्यावरची ओवी, आषाढातली वारी या सगळ्या चुंबळी होत्या. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालायचं, तीन आठवडे घराचा उंबरा दिसत नाही, शेजारी पाऊल टाकणारा तुमचं सुखदुःख ऐकतो. कोणत्याही वर्कशॉपमध्ये याहून मोठं काय शिकवतात? झालंय असं काका, की तुम्ही चुंबळ फेकून दिलीत, जावा वेगवेगळ्या फ्लॅटमध्ये गेल्या, माहेरपणाचं ‘वीकेंडला भेटू’ झालं. हंडा तेवढा तिच्या डोक्यावर शाबूत ठेवलात. आणि वर विचारता, आमच्या आईची मान कशी वाकली नाही?

आता आत्याचं : ‘मन खंबीर कर, विचारच करू नको.’

आपल्याकडे वैद्याची एक जुनी गोष्ट सांगतात. औषधाची पुडी देताना वैद्याने बजावलं, घेताना माकड आठवायचं नाही. रोग्याला ते औषध जन्मात घेता आलं नाही. पुडी हातात घेतली की माकड हजर. ही गोष्ट आत्यानेच मला लहानपणी सांगितली आहे! १९८७ साली डॅनियल वेग्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हाच प्रयोग रीतसर करून पाहिला. लोकांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही. आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजत राहिल्या. पुढे त्याच लोकांना विचार करायची मोकळीक दिली, तेव्हा सुरुवातीपासून मोकळीक असलेल्यांपेक्षा यांच्या डोक्यात अस्वल जास्त वेळा आलं. दाबलेला विचार जात नाही, तो दबा धरून बसतो. आजीबाईच्या गोष्टीत जे होतं तेच शास्त्राने सांगितलं, तरी सल्ला मात्र तोच : माकड आठवू नकोस.

आणि हे ‘मन’ नेमकं कुठे असतं, जे मूठ आवळल्यासारखं घट्ट करता येतं? त्या दिवशी बहिणीचा हात थरथरत होता तो तिच्या भित्रेपणामुळे नव्हे. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन छोट्या ग्रंथी असतात. संकट दिसलं की त्या रक्तात ॲड्रेनलिन सोडतात. काळीज धडधडतं, श्वास उथळ होतो, पोटातलं पचन थांबतं, स्नायू ताठ होतात. वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाने १९१५ सालच्या पुस्तकात हे सविस्तर मांडलं : लढा किंवा पळा, यासाठीची ही तयारी. वाघ समोर आला तर ती जीव वाचवते. पण जिथे लढायचं कुणाशी नसतं आणि पळायला जागा नसते, तिथे काय? पक्षाघाताच्या रोग्याशेजारी दीड वर्ष रोज रात्री वाघ येतो. शरीर रोज तयारी करतं आणि ती तयारी उतरायला झोपच मिळत नाही. त्या ग्रंथींना ‘खंबीर व्हा’ सांगून बघा. मधुमेह झालेल्याला आपण ‘स्वादुपिंड खंबीर कर’ असं सांगतो का?

या मुद्द्यावर आत्या मनाच्या श्लोकांचा दाखला देते. दिलाच आहे तर मोजून बघावा. समर्थांना मनाची समजूत काढायला २०५ श्लोक लागले. ‘खंबीर हो’ या दोन शब्दांत मन ऐकणारं असतं तर त्यांनी पहिल्याच श्लोकात लेखणी खाली ठेवली असती. आणि तेही मनाला दरडावत नाहीत. ‘सज्जना’ म्हणून हाक मारतात. आपण मात्र घरच्या बाईशी तेवढ्या अदबीनेही बोलत नाही.

वन्संचं ‘कामात गुंतवून घे’ मला थोडक्यात आटोपायचं आहे, कारण याहून क्रूर विनोद मी ऐकलेला नाही. जी बाई पहाटे पाचला उठून रात्री साडेअकराला पाठ टेकते आणि मध्ये तीनदा उठते, तिला तुम्ही रिकामपण सोडायला सांगता? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकामावर स्त्रीची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात आणि पुरुषाची ८८. ही ८८ मिनिटंसुद्धा जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांची. आजाऱ्याची, मुलांची देखभाल या हिशेबात नाही. ती वेगळ्या रकान्यात आहे आणि तिथेही बायकांचाच आकडा मोठा. कामाने चिंता विसरता येते हे रिकाम्या माणसाला सांगायचं औषध आहे. बुडणाऱ्याला पाणी पाजून काय होणार?

पुरुषांची गत वेगळी नाही, फक्त सवलत वेगळी आहे. बाईने रडायचं नाही आणि पुरुषाने बोलायचं नाही. पुरुषाला टेन्शन आलं की मित्र म्हणतात, “चल, बसू.” आपल्या भाषेत ‘बसणे’ या साध्या क्रियापदाला ग्लास चिकटला, यातच सगळं आलं. दारूने झोप लागल्यासारखी वाटते आणि उत्तररात्री ती मोडते. सकाळी काळजी तिथेच असते, वर डोकंही दुखतं. पुण्यात १९८६ साली डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केलं, त्याला जवळजवळ चार दशकं होत आली. तिथल्या खाटा रिकाम्या पडल्याचं कुणी ऐकलं आहे? त्या खाटांवरच्या कित्येकांना एके काळी कुणीतरी मायेनेच ‘चल, बसू’ म्हटलेलं असतं.

भाचेजावयांवर मी जास्त रागावणार होते, पण तो बिचारा निदान काहीतरी दाखवायला तरी धावला. त्याचं चुकतं ते असं, की तो नव्या कपड्यातला काकाच आहे. काका म्हणतात, मन खंबीर कर. हा म्हणतो, माइंडसेट बदल. काका म्हणतात, तक्रार करू नको. हा म्हणतो, ग्रॅटिट्यूड ठेव. दोघांच्याही मते दुरुस्ती तिच्या डोक्यात करायची आहे, तिच्या दिवसात नाही. कंपन्यांमध्येही हेच चालतं. दोन माणसांचं काम एकाच्या गळ्यात मारायचं, रात्री अकराला मेल पाठवायचे आणि शनिवारी सुट्टी मोडून सगळ्यांना ‘तणाव व्यवस्थापना’च्या शिबिराला बोलवायचं. शिबिरात डोळे मिटून समुद्रकिनारा आठवायला सांगतात. मला वाटतं, अर्ध्या लोकांना तेव्हा रविवार आठवत असेल.

‘पॉझिटिव्ह विचार’ हे मानसशास्त्र नव्हे, ती त्याची बाजारू नक्कल आहे. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी आयुष्य घालवून रुजवली. ती काय सांगते? सगळं छान आहे असं मान, हे ती कुठेही सांगत नाही. सासरे अंथरुणाला खिळले आहेत, याचं वाईट वाटणं रास्तच आहे. काळजी वाटणं रास्त आहे. ही पद्धत हल्ला करते तो मागणीवर : ‘मला हे सगळं एकटीला जमलंच पाहिजे’, ‘मी कधीच चिडता कामा नये’, ‘चांगल्या सुनेने दमायचंच नाही’. मराठीत तो सगळा दुराग्रह एका अक्षरात मावतो : च. तो ‘च’ खोडायचा. ‘जमलं तर बरं, नाही जमलं तर मदत मागेन.’ आता मला सांगा, हा ‘च’ तिच्या डोक्यात घातला कुणी? ती काही तो माहेरून घेऊन आली नव्हती. आपणच पाच जणांनी मिळून, हळदीकुंकवापासून साखरपुड्यापर्यंत, तो वर्षानुवर्षं तिच्या ओटीत घातला. आणि आता म्हणतो, बी पॉझिटिव्ह.

काकूंचं ‘घरातलं घरात’ सगळ्यांत जुनं आणि सगळ्यांत महाग. घरातलं घरात ठेवल्याची किंमत आकड्यांत बघायची तर बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने बारा राज्यांत केलेलं २०१५-१६ चं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण काढा. चिंता, नैराश्य यांसारख्या नेहमी आढळणाऱ्या विकारांत ऐंशी टक्क्यांहून जास्त लोकांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. डॉक्टर कमी आहेत, हे एक कारण. दुसरं, दार लोटणाऱ्या काकू. हाड मोडलं तर आपण प्लास्टरवर सह्या घेतो. झोप मोडली तर दार लावून घेतो. ‘वेड्यांच्या डॉक्टरकडे’ जाताना कुणी पाहिलं तर मुलीचं लग्न अडेल, ही भीती खोटी नाही. पण ती भीती पुरवतं कोण? मुलीकडचं स्थळ बघताना ‘घरात कुणाला काही मानसिक तर नाही ना?’ असं हळूच विचारणाऱ्या काकूच ना?

आता विरोधकांच्या भात्यातला सगळ्यांत धारदार बाण मीच काढून देते, कारण तो शहाणी माणसंही मारतात. ते म्हणतात, हल्ली प्रत्येक दुःखाचा आजार केला आहे. मूल रुसलं तर डिप्रेशन, बॉस ओरडला तर ट्रॉमा. रोजच्या ताणाला डॉक्टर आणि गोळ्या कशाला? यातलं एक वाक्य मी मान्य करते : प्रत्येक दुःख हा आजार नसतो. बस, इथपर्यंतच. कारण पुढचा निष्कर्ष उलटा आहे. दुःख हा आजार नसतो, म्हणूनच तर ते वेळीच हाताळायचं, आजार होऊ द्यायचा नाही. आपण पावसाळ्यात पाणी उकळून पितो ते टायफॉइड झालाय म्हणून नव्हे. ओझं पेलायची रीत शिकणं हे उपचारांच्या आधीचं काम आहे, आणि ते तुम्ही करू देत नाही. रडू नको, बोलू नको, विचार करू नको, बसू नको, मदत मागू नको. मग ती करेल काय? एक दिवस कोसळेल. आणि मग तुम्हीच म्हणाल, “एकदम कसं झालं हो हे?”

एकदम काहीही झालेलं नसतं.

मग निरोगी रीत म्हणजे तरी काय, असं मला विचाराल. त्यात अद्भुत काही नाही, आणि बहुतेक त्यामुळेच ती कुणाला पटत नाही. धडधड वाढली की श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा : चार आकडे मोजत आत, सहा मोजत बाहेर, पाचेक मिनिटं. श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात. हे मन घट्ट करणं नव्हे, शरीराच्या भाषेत त्याला ‘वाघ गेला’ असं कळवणं आहे. डोक्यात गरगरणारं सगळं कागदावर उतरवायचं आणि तीन रकाने पाडायचे : आज मलाच करायचं, दुसऱ्याला देता येईल, आणि केलं नाही तरी जग बुडणार नाही. या तिसऱ्या रकान्यात पितळेची भांडी घासणं, फराळ घरी करणं आणि प्रत्येक साखरपुड्याला जाणं हे निःसंकोच लिहावं. झोपेला देवघरासारखं सांभाळायचं. रात्री बारा वाजता रील बघत पडणं म्हणजे विश्रांती नव्हे. रोज अर्धा तास घराबाहेर पाय मोकळे करायचे, भाजी आणायला नव्हे, उगाच. रडू आलं तर रडायचं. आणि मदत मागायची ती मोघम नाही, नेमकी. ‘जरा लक्ष असू द्या’ म्हटलं की सगळे मान हलवतात आणि कुणीच येत नाही. ‘गुरुवारी संध्याकाळी सहा ते आठ तुम्ही बाबांजवळ बसा’ म्हटलं की माणसाला हो किंवा नाही म्हणावंच लागतं.

एवढं करूनही दोन आठवडे सलग मन उदास राहिलं, कशात रस वाटेनासा झाला, झोप आणि भूक गेली, तर डॉक्टर गाठायचा. आणि जगणं नकोसं झाल्याचा विचार एकदा जरी डोकावला तर दोन आठवड्यांची वाटही बघायची नाही, त्याच क्षणी बोलायचं. सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून आहे. १४४१६ हा आकडा गॅस एजन्सीच्या नंबराशेजारी फ्रिजवर चिकटवून ठेवावा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला. उपचार मिळणं हा त्याने हक्क ठरवला आणि शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही विमा द्यावा असं सांगितलं. कायद्याला जे कळलं ते काकूंना कधी कळणार?

पण हे सगळं तिने करायचं झालं. तिच्या चुंबळीचं झालं. हंड्याला हात कोण लावणार?

मी मघापासून पाच जणांना झोडपते आहे. सहावी तिथे मी होते. खोलीच्या दारात उभी राहून मीही सगळे सल्ले ऐकत होते आणि मनातल्या मनात माझा सल्ला शोधत होते. सुचला नाही, म्हणून बरं झालं. मी फक्त विचारलं, “आज रात्री त्यांच्याजवळ कोण आहे?” ती म्हणाली, “मीच.” मी म्हटलं, “आज मी.”

यात थोरवी काही नाही. मी निवृत्त आहे, दुपारी झोपले तरी चालतं. तिने मला रात्री दहाला सगळं दाखवलं : पाठीखालची आडवी चादर दोन्ही हातांनी ओढून कूस कशी वळवायची, गुडघ्यांमध्ये उशी कुठे ठेवायची, नळीतून खाणं देताना डोक्याची बाजू किती उंच हवी. दाखवताना तीन वेळा म्हणाली, “तुला नाही जमणार, मी उठेन.” तो ‘च’च बोलत होता. मध्यरात्री दोनला मी कूस बदलली तेव्हा माझी कंबर धरली आणि कळलं, दीड वर्षांच्या रात्री म्हणजे नक्की किती. सकाळी साडेसहाला ती बाहेर आली, गालावर उशीच्या घड्या, आणि ओट्यापाशी उभी राहून म्हणाली, “दूधवाला येऊन गेला? बेल कशी ऐकू आली नाही मला?”

तिचं मन त्या रात्रीत खंबीर झालं नव्हतं. ती झोपली होती.

त्यानंतर आम्ही एक कागद केला. गुरुवार माझा, रविवार धाकट्या दिरांचा. आधी ते म्हणाले, मला डायपर जमणार नाही, मग जमलं. नवऱ्याने आठवड्यातून दोन दिवस रात्रीचं खाणं द्यायचं. ब्यूरोची मावशी अजूनही दांड्या मारते. सासरे अजूनही बोलत नाहीत. बहीण अजूनही मधूनच रडते. हंडा तेवढाच आहे. तो आता एका मानेवर नाही, इतकंच.

तेव्हा काका, आत्या, वन्सं, जावईबापू आणि काकू, पुढच्या समारंभात कुणाचा ग्लास थरथरताना दिसला तर तुमचं खंबीर मन तुमच्याजवळच ठेवा. त्या बाईकडे तुमच्यापेक्षा जास्त खंबीर मन आहे. दीड वर्ष ती त्याच्यावरच उभी आहे. तिला शहाणपण कमी पडलेलं नाही. तिला माणूस कमी पडला आहे. विचारायचंच असेल तर वार विचारा, वेळ विचारा, आणि त्या वेळी दारात हजर राहा. ओझ्याखालच्या माणसाला मान ताठ ठेवायला सांगणारे पुष्कळ असतात. तुम्ही हात लावा.